तीन गेजचं आजोळ

सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी कुणी “वीकेंडला काय केलंस?” असं विचारलं, की हल्ली मी “घरीच होते” असं सांगून मोकळी होते. लोणावळा, मॉल, नवा सिनेमा, फार तर राजगडचा ट्रेक, ही उत्तरं लोकांना कळतात. “धाराशिव जिल्ह्यात एका ज्वारीच्या शेतातून चालत सहा फुटांचा पूल शोधत होते,” हे कळत नाही. कशाचा पूल? रेल्वेचा. पण तिथे रेल्वे कुठाय? आता नाही, पूर्वी होती. इथे समोरच्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते मला आता पाठ झालेत. एकाने तर अत्यंत काळजीने विचारलं होतं, “सगळं ठीक आहे ना घरी?”

ठीक आहे हो. फक्त मला जुन्या रेल्वेचा नाद आहे, आणि तो असलेली मी एकटी नाही.

आम्ही आठ-नऊ जण आहोत. नांदेडचा एक सीए, लातूरचा एक बँकवाला, उदगीरचे एक गणिताचे सर, औषधांच्या बॅगा घेऊन मराठवाडाभर फिरणारा एक एमआर, आणि पुण्यात नोकरीला असलेले आम्ही तीन-चार जण. आमच्या क्लबला नाव नाही, अध्यक्ष नाही, बँकेत खातं नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा रविवार ठरतो. कुणी डबा आणतं, कुणी गाडी, कुणी नकाशा. घरच्यांनी आमचं बारसं कधीच केलंय. माझी आई आम्हाला ‘रिकामटेकडे’ म्हणते आणि सीएची बायको ‘भंगारवाले’. दुसरं नाव जास्त बरोबर आहे.

आधी मोजपट्टी

माझं माहेर नांदेड आणि आजोळ लातूर. अंतर असं काही फार नाही. लहानपणी मे महिन्यात आम्ही एसटीने जायचो. लोहा, अहमदपूर करत, उलट्यांची पिशवी हातात धरून. रेल्वेने का जात नाही, असा प्रश्न मला कधी पडलाच नाही. दोन्ही गावांना स्टेशन होतं, रूळ होते, गाड्या होत्या. फक्त एका गावाची गाडी दुसऱ्या गावाच्या रुळावर मावत नव्हती.

नांदेडचा रूळ होता मीटरगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. निजामाच्या राज्यातली हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे १९०१ पर्यंत मनमाडला पोचली, ती नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत. लातूरला यायची ती छोटी गाडी, बार्शी लाईट रेल्वे. तिच्या रुळांमधलं अंतर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. आणि लातूर रोड नावाचं जे स्टेशन आहे, जे लातूरपासून तीसेक किलोमीटरवर आहे आणि ज्याने आजवर कित्येक परगावच्या पाहुण्यांना फसवलंय, ते विकाराबाद–परळी या ब्रॉडगेजवर. तिथे रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर.

आता हिशोब करा. आईच्या लहानपणी कुणाला हौसेने नांदेडहून लातूरला रेल्वेनेच जायचं असतं, तर परभणीमार्गे परळीपर्यंत मीटरगेज, परळीला उतरून ब्रॉडगेज, लातूर रोडला उतरून पुढे मिळेल ते वाहन, आणि लातुरात शिरल्यावर समोर उभी नॅरोगेज. एका आजोळाला तीन गेज! आमचे गणिताचे सर म्हणतात, मराठवाड्याचा इतिहास शिकवायला पुस्तकाआधी मोजपट्टी द्यायला पाहिजे.

हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण गेज बदलला की माणूस उतरून दुसऱ्या गाडीत बसतो, पोतं बसत नाही. ते कुणीतरी पाठीवर घेऊन उतरवावं लागतं आणि दुसऱ्या वाघिणीत चढवावं लागतं. नांदेडच्या कापसाची गाठ मुंबईला निघाली की मनमाडला मीटरगेजमधून ब्रॉडगेजमध्ये. लातूरचं पोतं निघालं की कुर्डुवाडीला नॅरोगेजमधून ब्रॉडगेजमध्ये. वेळ वाढला, हमाली वाढली, माल सांडला. पुण्या-मुंबईचा कारखानदार मराठवाड्यात यायला का तयार नव्हता, याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक असं रुळांच्या मधल्या जागेत मोजता येतं. १९७४च्या मराठवाडा विकास आंदोलनात पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा नोकऱ्या आणि विकासाच्या बरोबरीने ब्रॉडगेज हीही मागणी होती. गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिली. रुळांसाठी आंदोलन, हे आज सांगितलं तर ऑफिसातल्या पोरांना खरं वाटत नाही. प्रत्यक्षात नांदेडच्या लाईनवर ब्रॉडगेज यायला १९९०चं दशक उजाडलं.

घोडे, पॅराशूट आणि छोटी गाडी

छोट्या गाडीमागे एक अफलातून माणूस होता. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, इंग्लिश इंजिनियर, जन्म १८५७चा. जीआयपी रेल्वेच्या नोकरीसाठी १८८२ मध्ये हिंदुस्थानात आला. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ, पण मुख्य लाईन तिच्यापासून एकवीस मैल लांब. त्या स्टेशनचं तेव्हाचं नावच होतं बार्शी रोड. तेच आजचं कुर्डुवाडी. (स्टेशनच्या नावात ‘रोड’ दिसलं की समजायचं, गाव लांब आहे.) बैलगाड्यांची ती रांग बघून याच्या डोक्यात आलं, इथे छोटी रेल्वे का नको?

छोटी म्हणजे खेळण्यातली नव्हे. त्याची कल्पना साधी आणि हुशार होती. गाडीचं वजन जास्तीत जास्त चाकांवर सारखं वाटून द्यायचं. इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल छोटे चालतात, खर्च कमी होतो. १८९५ मध्ये लंडनमध्ये कंपनी रजिस्टर झाली, १८९७ मध्ये बार्शीची गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. लातूर ते मिरज सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरची लाईन. आषाढी-कार्तिकीला वारकरी इतके, की डबे पुरेनात म्हणून मालाच्या वाघिणींतूनही माणसं नेली जायची. विठोबाने या कंपनीला भरपूर धंदा दिला असं म्हणायला हरकत नाही.

याच कॅल्थ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच छोटी रेल्वे बांधली, ती १९०४ मध्ये सुरू झाली. बार्शीत जमलेलं तंत्र तिकडे गेलं. म्हणजे आपल्याकडून शिकून साहेबाने साहेबाच्या देशात गाडी चालवली! शिवाय हा गृहस्थ अरबी घोडे पाळायचा, आणि वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूटही त्याने तयार केलं. आमच्या एमआरचा तो हीरो आहे. सेल्स टार्गेटचं टेन्शन आलं की तो म्हणतो, “कॅल्थ्रॉपने कुठे एकच काम केलं?”

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. बार्शी ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि लातूर निजामाच्या राज्यात. म्हणजे ही चिमुकली गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होती, आणि डब्यातली माणसं दोन्हीकडची होती.

भंगारवाल्यांचा रविवार

मग आम्ही करतो काय? बऱ्याच गोष्टी.

एक म्हणजे चालतो. ब्रॉडगेज करताना नवी लाईन धाराशिव गावाला (तेव्हाचं उस्मानाबाद) जोडायची म्हणून मार्ग बदलला. छोट्या गाडीने त्या गावाला शंभर वर्षं वगळलं होतं. त्यामुळे काही ठिकाणी जुनी लाईन रानात एकटीच पडून राहिली. तिचा भराव कुठे शेताचा बांध झालाय, कुठे गाडीवाट. डोळ्यांना सवय झाली की लांबून ओळखू येतो. बैलगाडीची वाट चढ-उतार घेत जाते, रेल्वेचा भराव लेव्हलमध्ये जातो, सावकाश वळतो. अशा भरावात मधेच दगडी मोरी सापडते, तासलेले दगड, वर कमान. त्या दिवशी आमची पुरणपोळी!

दुसरं, लोखंड वाचतो. जुन्या रुळांचे तुकडे स्टेशनच्या कुंपणाला खांब म्हणून लावलेले असतात. त्यांच्या पोटावर, म्हणजे उभ्या पट्टीवर, बनवणाऱ्याचं नाव आणि वर्ष उठवलेलं असतं. खडूने घासलं की अक्षरं वर येतात. कुंपणाच्या खांबावर खडू घासणारी बाई बघून लोक थांबतात, चौकशी करतात, आणि त्यातलाच एखादा म्हणतो, “आमच्या आज्याकडे होता एक कंदील रेल्वेचा.” लागला धागा हाताला.

तिसरं, कागद. जुनी टाईमटेबलं, पुठ्ठ्याची तिकिटं. एडमंडसन नावाच्या इंग्लिश स्टेशनमास्तरने काढलेली ही पद्धत. आपल्या लहानपणीही ती जाड, चौकोनी, तारीख ठोकलेली तिकिटं मिळायची, आठवतात? आमच्या सीएकडे साताठशे आहेत. त्यांची नोंद त्याने ताळेबंदासारखी ठेवलीय, आणि मागितलं तरी हातात देत नाही.

चौथं, वर्षातून एकदा सहल. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ पासूनचं. तिथे लहान मुलांपेक्षा जास्त गोंधळ आम्ही घालतो.

आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं, माणसांशी बोलतो. पूर्णा हे गाव माहीत असेल तुम्हाला, नांदेड आणि परभणीच्या मधलं जंक्शन. अकोल्याकडची लाईन इथून फुटते. वाफेच्या इंजिनांचं मोठं शेड होतं इथे. इथून मीटरगेजवर बसलं की अकोला, खांडवा, रतलाम करत थेट अजमेरपर्यंत रूळ एकसारखे. २००८ मध्ये अकोल्याची लाईन ब्रॉडगेज झाली आणि तो धागा तुटला. तिथल्या एका निवृत्त ड्रायव्हर काकांनी आम्हाला टोकनचा गोळा समजावून सांगितला. एकेरी लाईनवर पुढच्या स्टेशनपर्यंत रस्ता मोकळा असेल तरच मशीनमधून तो लोखंडी गोळा निघायचा, आणि गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. “गोळा म्हणजे माझ्या मागच्या चारशे माणसांचा जीव,” ते म्हणाले. त्यांच्या लहानपणी रात्री-बेरात्री ड्युटीचा निरोप घेऊन कॉलबॉय दारात यायचा. त्यांच्या आईला मरेपर्यंत दार वाजलं की दचकायला व्हायचं.

अशा सव्वीस मुलाखती आमच्याकडे रेकॉर्ड आहेत. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, गँगमन, मुकादम. त्यातले सात जण आता नाहीत. आम्हाला दर रविवारी वेळ मिळत नाही, आणि त्यांना थांबायला वेळ नाही. आमच्या छंदाची ही बाजू कुणी विचारत नाही, आम्हीही सांगत नाही.

आजी विरुद्ध मामा

लातूरला एक छोटं प्रदर्शन करायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. फोटो, तिकिटं, दोन कंदील आणि मुलाखतींमधले निवडक तुकडे. सीएने नाव सुचवलं, ‘हरवलेले सोनेरी दिवस’. सगळ्यांना पसंत. प्रवाशांच्या आठवणी कमी पडतायत म्हणून मी म्हटलं, माझ्या मामाला विचारू. तो या गाडीबद्दल तासभर बोलू शकतो.

खरंच बोलला. १९६८ साली तो सात वर्षांचा होता. पायाच्या हाडात पू झाला होता आणि लातूरच्या डॉक्टरांनी मिरजेला न्यायला सांगितलं होतं. मिरजेचा तो मिशनचा दवाखाना, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेला. त्या काळी लांबलांबून माणसं तिथे जायची. तर मामाला काय आठवत होतं? खिडकी. डोळ्यात जाणारी कोळशाची कच. वळणावर दिसणारं आपल्याच गाडीचं इंजिन. चढाला गाडी इतकी सावकाश, की पोरं उतरून बोरं वेचून पुन्हा चढायची. (ही बोरं प्रत्येक मुलाखतीत येतात. त्या लाईनवर बोरी किती होत्या याचा एकदा सर्व्हे करायला हवा.) मामाचे डोळे चमकत होते. आमचा बँकवाला खूष होऊन रेकॉर्डिंग करत होता.

आजी शेजारी बसून तांदूळ निवडत होती. शहाऐंशी वर्षांची आहे, कानाने थोडी कमी, बाकी खणखणीत. ती एकदम म्हणाली, “कशाचं कौतुक करायलाव रे त्या गाडीचं?”

बँकवाल्याने अदबीने विचारलं, “आजी, तुम्हीही होतात ना त्या गाडीत?”

“मीच होते. हा तर तापात होता. ह्याला काय आठवतंय? मांडीवर झोपला होता.”

मग तिने सांगितलं. पावसाचे दिवस. आजोबांना रजा नव्हती, म्हणून ती आणि तिचा धाकटा दीर. दीर सोळा वर्षांचा. वाटेत गाडी बदलायची होती तिथे पोचायला रात्र झाली आणि पुढची गाडी निघून गेलेली. पुढची सकाळी. फलाटावर एक बाक, वर पत्रा, बाजूने पाऊस. पोराचं अंग तव्यासारखं. जवळचं दूध नासलेलं. तेवीस-चोवीस मैलांवर कुणी ओळखीचं नाही, आणि असतं तरी जायचं कशाने? दिराला रडू आलं, तर ती त्यालाच रागावली. पहाटेच्या आधी एका पोर्टरची बायको तांब्याभर गरम दूध आणि घोंगडी घेऊन आली. नाव विचारायचं राहिलं. मिरजेला पोचले तेव्हा घरून निघून दोन दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय काढावा लागला असता.

“मी त्या रातीला ठरविलं होतं,” आजी म्हणाली, “पोरगा बरा झाला तर पुन्हा ह्या गाडीचं तोंड बघायचं नाही.”

मामा गप्प बसला होता. त्याचा पाय वाचला, किंचित लंगडतो एवढंच. साठ वर्षांच्या आसपास तो ही गोष्ट बोरांची म्हणून सांगत आला होता. त्याने हळूच विचारलं, “हे तू कधी सांगितलं नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलाव?” आजी म्हणाली, आणि सूप झटकून उठली.

पाणी कुठून आलं?

त्या रात्री बँकवाल्याच्या गच्चीवर आमच्यात पहिल्यांदा कडाक्याचं भांडण झालं. सीएचं म्हणणं, आजींचा अनुभव खरा, पण प्रदर्शन गाडीचं आहे, दुःखाचं नाही. आणि छोटी गाडी ठेवायला नको होती का? कालका–सिमल्याची गाडी हीच, अडीच फुटांचीच. तिला २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. त्याच सुमाराला आपण आपली उखडत होतो! २००७ मध्ये लातूर–उस्मानाबाद, २००८ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मिरजेपर्यंत सगळं ब्रॉडगेज.

गणिताचे सर शांत माणूस, पण त्या दिवशी तापले. म्हणाले, सिमल्याला माणूस हवा खायला जातो, त्याला गाडी हळू चाललेलीच हवी असते. लातूरहून माणूस मिरजेला जातो ते पोराचा पाय वाचवायला. ज्याला पोचायची घाई नाही त्यालाच हळू गाडी गोड लागते.

मी दोघांचंही ऐकत होते आणि मला २०१६चा एप्रिल आठवत होता.

तुम्हालाही आठवत असेल. लातुरात पाणी संपलं होतं. टाक्या आणि विहिरींपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावली होती. आजीच्या घरी आठ-आठ दिवस नळाला पाणी नव्हतं. आई नांदेडहून जाऊन तिला “चल” म्हणून विनवत होती आणि ती हलायला तयार नव्हती. मग पाण्याची रेल्वे आली. कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुतलेल्या तेलाच्या टाक्या, मिरजेला पाणी भरून निघाल्या. ११ एप्रिलला निघालेली पहिली गाडी दहा टाक्यांची होती, पाच लाख लिटरची. नंतर पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. नाव ठेवलं होतं ‘जलदूत’. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. मार्ग ओळखीचा वाटतोय ना? शंभर वर्षांपूर्वी कॅल्थ्रॉपच्या कंपनीने आखलेलाच, फक्त रूळ रुंद केलेला. अडीच फुटांच्या रुळांवर, पाच टनांच्या आसावर पन्नास लिटरचे हजारो कॅन कदाचित आले असते, पण या टाक्या नक्कीच आल्या नसत्या. आणि भारतात कुठूनही टाक्या मागवून थेट लातूरच्या स्टेशनात उभ्या करता आल्या, त्या गेज एक झाला म्हणून.

१२ तारखेला सकाळी मामा स्टेशनवर गेला होता, गर्दीत. घरी येऊन त्याने आजीला सांगितलं, “मिरजेहून पाणी आलं गं.”

“मिरजेहून? किती वेळ लागला?”

“अठरा तास.”

“लवकर आली म्हणायची,” आजी म्हणाली.

तेव्हा घरात सगळ्यांना हसू आलं होतं. तिने असं का म्हटलं ते मला कळलं, ते तिची गोष्ट ऐकल्यावर.

हे मी गच्चीवर सांगितलं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग सीए म्हणाला, “ठीक आहे. पण बोरंही खरी आहेत.”

हेही खरंच आहे. मामाची बोरं खोटी नाहीत. आजीचा पावसातला बाक खोटा नाही. ती एकच गाडी होती आणि एकच मांडी होती. फक्त एक जण मांडीवर होता आणि एकीची मांडी होती.

प्रश्न नंबर एक

प्रदर्शन झालं. नाव बदललं, नुसतं ‘छोटी गाडी’ ठेवलं. मामाचं आणि आजीचं रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी, दोन हेडफोनवर. आधी कुठला कानाला लावायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. बायका आजीच्या हेडफोनपाशी जास्त थांबत होत्या. एक मध्यमवयीन बाई ऐकून झाल्यावर मला म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंना आणते, त्यांचीही एक गोष्ट आहे.” आणल्या, आणि ती गोष्ट आणखी वेगळीच निघाली. कसबे तडवळ्याच्या होत्या त्या. १९४१ मध्ये डॉ. आंबेडकरांची परिषद झाली ते तडवळे. त्यांच्या वडिलांनी परिषदेच्या वेळी काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं. त्यात इंजिनाचा नंबर नव्हता, चाकं किती होती ते नव्हतं. आमचा चाकं मोजणारा एमआर डोळे पुसत होता.

आमच्या मुलाखतींची एक प्रश्नावली आहे. पूर्वी तिच्यात पहिला प्रश्न होता, ‘तुम्ही कोणत्या इंजिनावर काम केलं?’ तो अजूनही आहे, पण चौथ्या नंबरवर. आता पहिला प्रश्न गणिताच्या सरांनी घातलाय, ‘गाडी चुकली तर काय व्हायचं?’ हा विचारला की माणूस क्षणभर थांबतो, आणि मग जे बोलतो ते कुठल्याच टाईमटेबलात नसतं. हाच प्रश्न पुरुषांपेक्षा बायकांना विचारला की रेकॉर्डिंग लांबतं, असाही आमचा अनुभव आहे.

मराठवाड्याच्या रुळांवर आता नव्या गोष्टी चालल्यात. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिलाय, २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली. ज्या गावात मोठी गाडी येत नव्हती त्या गावात गाडी बनणार, म्हटल्यावर मामाची मान ताठ होते. मी पुण्याहून पनवेल–नांदेड गाडीत बसते. ती लातूर करत नांदेडला जाते. माहेर आणि आजोळ एका तिकिटात, कुठेही न उतरता. मध्यरात्रीनंतर लातूर येतं तेव्हा डब्यात सगळे गाढ झोपलेले असतात. कुणाला काही विशेष वाटत नाही, आणि वाटू नये म्हणूनच एवढी माणसं भांडली होती.

तुम्हाला आमच्यासारखं भटकायचं असेल तर दोन सूचना. चालत्या लाईनवर पाय ठेवू नका. रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि गाडीला हॉर्न असला तरी ब्रेक लागायला अंतर लागतं. सोडून दिलेल्या लाईनवर जाताना शेतमालकाला विचारून जा. बहुतेक वेळा तो चहा पाजतो.

आणि भटकायला वेळ नसेल, तर सुरुवात घरातूनच होते. मोबाईलमध्ये रेकॉर्डर असतोच. येत्या रविवारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी बसा, तांदूळ निवडू लागा, आणि विचारा, गाडी चुकली तर काय व्हायचं? सोमवारी कॉफी मशीनपाशी सांगण्यासारखं काहीतरी नक्की मिळेल.